ड्रिल छातीवरून बोटावर कसं आलं

आमच्याकडे येणाऱ्या ड्रिलचं निदान गिऱ्हाईक दारातूनच सांगत येतं. "ताई, नुसतंच गुरगुरतंय." "ताई, ठिणग्या लई मारतंय." "वास आला आन् बसलं बघा." वासाचं खरं तर कुणी सांगायला लागत नाही. जळक्या वार्निशचा असला तर आर्मेचर (मोटरीचा आतला फिरता भाग) किंवा फील्ड (त्याच्या भोवतीच्या स्थिर कॉइल), प्लॅस्टिकचा असला तर स्विच. सांगलीत माधवनगर रोडला आमचं वाइंडिंगचं दुकान आहे. अण्णांनी ते विहिरीवरच्या मोटरी भरायला, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला काढलं आणि मोठ्या मोटरी अजून तेच बघतात. माझ्याकडे हातातली मशिनं: ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर, ब्लोअर. द्राक्षबागेचे मांडव उभारणारे तासगावकडचे लोक, फॅब्रिकेशनवाले, सुतार, नळवाले हे माझं गिऱ्हाईक.

मशिनं उघडून उघडून एक गोष्ट लक्षात येते. कंपनी कुठलीही असो, आतली मांडणी तीच. मागे कार्बन ब्रश, म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, मध्ये आर्मेचर, पुढे गिअर, त्याच्या तोंडाला भोक पाडायची बिट पकडणारा चक आणि खाली मुठीत स्विच. रंग बदलतात, स्टिकर बदलतात, हे बदलत नाही. मग ही मांडणी पहिल्यांदा केली कुणी, हे शोधायचा मला नाद लागला.

इंटरनेटवर विचारलं की उत्तर एका ओळीत मिळतं: १८८९, मेलबर्न, आर्थर जेम्स आर्नॉट आणि विल्यम ब्लँच ब्रेन. आर्नॉट मूळचा स्कॉटलंडचा विद्युत अभियंता. त्या दोघांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट घेतलं, हे खरंच आहे. पण ते यंत्र होतं खडकात भोकं पाडायचं आणि कोळसा खणायचं. 'पहिलं विजेचं ड्रिल' म्हणायला माझी ना नाही, पण सुताराच्या पिशवीत जाणाऱ्या वस्तूचा तो सख्खा पूर्वज वाटत नाही मला. फार तर चुलत आजोबा.

त्या काळातल्या कारखान्यात शिरलात तर आधी छताकडे बघावं लागलं असतं. वर लांबलचक शाफ्ट, तो फिरवणारं एकच वाफेचं किंवा तेलाचं इंजिन आणि शाफ्टवरून प्रत्येक मशिनला उतरलेला पट्टा. भोक पाडायचं तर जॉब उचलून ड्रिलिंग मशिनपाशी न्यायचा. जॉब म्हणजे पुलाचा गर्डर किंवा बॉयलरचा पत्रा असला, तर मात्र कारागिराने तिथे जाऊन हाताने भोक पाडायचं. दुसरा इलाज नव्हता.

हाताने म्हणजे कसं, हे बेडगचे एक सुतारमामा फार चांगलं सांगतात. त्यांच्या वडिलांकडे सामता, म्हणजे दोरीने फिरवून भोक पाडायचं अवजार होतं. वडील वरून नारळाच्या करवंटीने दाबून धरायचे आणि मामा, तेव्हा पोरवयाचे, दोरी ओढायचे. सामता एकदा सुलट फिरतो, एकदा उलट. त्यामुळे त्याचं टोक दोन्हीकडून खरवडत जातं, सलग कापत नाही. "सागवानात बरं जायचं, पण बाभळीत हात मोडून यायचे," असं मामा म्हणतात. पुढे दातेरी चाकांचं हातड्रिल आलं. त्याची मोठी जात छातीला टेकवून चालवायची. मागची लोखंडी पट्टी छातीवर, एक हात मुठीला, दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचं आणि अंगाचा भार पुढे टाकायचा. गावाकडच्या लोहारांकडे ते अजून बघायला मिळतं. कोयनेच्या वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा साठच्या दशकात सुरू झाला, आणि त्यानंतरही आपल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर वीज पोचायला वेळ लागला. तोवर हेच चालायचं.

हे सगळं सांगितलं ते एका चित्रासाठी. जर्मनीत विल्हेल्म एमिल फाइन आणि त्याचा भाऊ कार्ल यांनी १८६७ मध्ये कारखाना काढला होता, तो पुढे स्टुटगार्टला आला. तिथे १८९५ मध्ये हातात धरून चालवायचं विजेचं पहिलं ड्रिल तयार झालं. वजन साडेसात किलो. त्याचं चित्र बघितलं तर मधे मोटरीचा गोळा, दोन बाजूंना दोन मुठी आणि मागे छातीला टेकवायची ताटली. म्हणजे फिरवायचं हँडल गेलं, त्या जागी मोटर बसली, आणि छाती मात्र होती तिथेच राहिली! मला हे फार आवडलं. नवीन यंत्र करणाऱ्यानेही जुन्या यंत्राला धरायची सवय सोडली नव्हती. साडेसात किलोचं मशिन छातीशी धरून उंचावर भोक पाडायचं म्हणजे काय होत असेल, ते आजचे ब्रेकर चालवणारेच सांगू शकतील.

वजनाचं जरा सविस्तर सांगते, कारण माझं पोट त्याच्यावर आहे.

मोटरीची ताकद म्हणजे तिचा पीळ (फिरवायचा जोर, टॉर्क) गुणिले वेग. पीळ वाढवायचा तर लोखंड आणि तांबं वाढवावं लागतं, म्हणजे वजन आलंच. वेग वाढवायला तेवढं वजन लागत नाही. अण्णा भरतात ती विहिरीवरची इंडक्शन मोटर आपल्या ५० सायकलच्या विजेवर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून ती जाडजूड असते आणि उचलायला दोन माणसं लागतात. ब्रशची मोटर २०,००० च्या वर सहज पळते. म्हणून तेवढीच ताकद मुठीत मावेल एवढ्या गोळ्यातून काढता येते. पुढे गिअर लावला की वेग उतरतो, पीळ चढतो आणि लोखंडात भोक पडतं.

ह्या ब्रशच्या मोटरीत फील्डच्या कॉइल आणि आर्मेचर सिरीजमध्ये जोडलेले असतात. विजेची दिशा पालटली तर दोघांचं चुंबकत्व एकदमच पालटतं, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. म्हणजे एसीवरही चालणार, डीसीवरही चालणार. आज आपल्याला ह्याचं काही वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एका शहरात एसी, दुसऱ्यात डीसी, कधी एकाच शहराच्या दोन भागांत दोन तऱ्हा असायच्या. हातातलं मशिन म्हणजे आज इथे, उद्या तिथे. जिथे जाईल तिथल्या प्लगवर ते चाललं नाही तर त्याला हातातलं म्हणायचं कशाला? म्हणून ह्या मोटरीला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. घरच्या मिक्सरमध्ये हीच असते. तिचा दुर्गुणही सांगून टाकते. भार वाढला की ती हळू होते, हळू झाली की जास्त वीज ओढते, आणि तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्यामुळे नेमकी तेव्हाच हवाही कमी पडते. अंगाचा सगळा भार टाकून ड्रिल दाबणारी माणसं माझ्या दुकानाचा निम्मा धंदा चालवतात. दाबू नका हो. बिटला धार असली तर भोक आपोआप पडतं.

आता अमेरिका. १९१० साली बाल्टिमोरमध्ये एस. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोन तरुणांनी मिळून छोटं वर्कशॉप काढलं. भांडवल १२०० डॉलर. ब्लॅकने त्याच्या वाट्यासाठी स्वतःची मोटारगाडी विकली. सुरुवातीला ते दुसऱ्यांसाठी मशिनं बनवून द्यायचे, अगदी दुधाच्या बाटल्यांची टोपणं बनवायचं मशिनसुद्धा. सालाकडे लक्ष द्या. त्याच १९१० मध्ये इकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून औंध संस्थानच्या माळावर आले आणि कुंडलजवळ किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आमच्या दुकानापासून रेल्वेने गेलात तर काही स्टेशनांवर. त्यांचा नांगर, यांचं ड्रिल. एकाच वर्षात दोन ठिकाणी लोखंडाच्या कामाचे दोन नवे कारखाने उभे राहू लागले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी सांगलीच्या माणसाला हे साल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ब्लॅक आणि डेकर यांना १९१७ मध्ये ज्या ड्रिलचं पेटंट मिळालं, त्यात अर्धा इंची चक होता आणि युनिव्हर्सल मोटर होती. पण खरी गंमत खाली होती. पिस्तुलासारखी मूठ आणि तिच्यात बोटाने दाबायचा चाप. कोल्ट कंपनीच्या पिस्तुलावरून ती मूठ सुचली असं सांगतात. वजनाच्या बाबतीत म्हणाल तर ते मशिन काही हलकं नव्हतं, जवळजवळ दहा किलो. फाइनच्या बावीस वर्षं जुन्या ड्रिलपेक्षाही जड! आणि किंमत २३० डॉलर. फोर्डची मॉडेल टी गाडी तेव्हा साडेतीनशे डॉलरच्या आसपास मिळायची. म्हणजे हे कारखान्याने घ्यायचं मशिन, घरच्या माणसाचं नव्हे.

तरीही माझ्या मते आजच्या ड्रिलचा जन्म १९१७ चाच. लोक वजनावरून, ताकदीवरून किंवा 'पहिला कोण' यावरून भांडतात. मी स्विचवरून ठरवते. बिट लोखंडात अडकली की मशिन हाताला हिसका देतं. त्या क्षणी बटण शोधायला एक हात सोडावा लागला तर उरलेल्या एका हाताला तो हिसका पेलत नाही, मनगट जातं. चाप मुठीतच असला की धरणं, नेम धरणं, सुरू करणं आणि बंद करणं हे सगळं त्याच हाताचं काम झालं. घाबरून पकड सुटली की मशिन आपोआप बंद. एवढं साधं आहे. म्हणून शंभर वर्षांत मोटर सुधारली, बॉडी बदलली, गिअर बदलले, पण मुठीतला चाप कुणी हलवला नाही. आणि एवढ्यावर पाणी फिरवायला आपले लोक काय करतात? चापाशेजारचं लॉक बटण दाबून ठेवतात आणि मग ड्रिल चालवतात. ते बटण स्टँडवर लावलेल्या कामासाठी असतं. हातात धरलेल्या ड्रिलला ते लावू नये हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण मान हलवून जातो.

स्विचवर माझा जीव आहे त्याला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं, आणि पाणी उतरल्यावर आमच्याकडे चिखलाने भरलेल्या मशिनींची रांग लागली. आर्मेचर धुऊन, उन्हात आणि मग बल्बच्या पेटीत वाळवून, वार्निश मारून पुष्कळ वाचली. बेअरिंग बदलली की गिअरही वाचले. स्विच मात्र बहुतेक टाकून द्यावे लागले, कारण त्यांच्या आत गेलेला बारीक गाळ निघतच नाही. मशिनीत सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळं बिनकामाचं.

चकची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. दात्यांची चावी घालून आवळायचा जो तीन जबड्यांचा चक आपण वापरतो, तो आर्थर जेकब्ज या अमेरिकन माणसाचा, पेटंट १९०२ चं. जुना चक पान्ह्याने आवळताना बोटांची सालटी निघाली म्हणून त्याने डोकं चालवलं म्हणे. बोटं वाचली, चावी हरवायची सोय झाली. ज्या ड्रिलच्या वायरीला चावी सुतळीने बांधलेली दिसते त्याचा मालक नीटनेटका, हे डोळे झाकून समजा.

आता उसाची गोष्ट, ही खास आपल्या भागासाठी. १९२१ च्या सुमाराला न्यू ऑर्लीन्समध्ये एडमंड मिशेल नावाचा एक खटपट्या माणूस होता. लुईझियानातले मजूर कोयत्यासारख्या लांब पात्याने ऊस तोडताना त्याने पाहिले आणि ह्याला मोटर लावली तर, असं त्याच्या डोक्यात आलं. त्याने मिल्कशेक घुसळायच्या मिक्सरची मोटर काढली आणि पात्याला जोडली. मिक्सरची, म्हणजे तीच आपली युनिव्हर्सल मोटर. त्यातूनच पुढे गोल पात्याची, वर्म गिअरवर चालणारी हातकरवत निघाली. १९२४ मध्ये जोसेफ सलिव्हन या भागीदाराबरोबर त्याने कंपनी काढली. तिची करवत 'स्किलसॉ' नावाने अमेरिकेतल्या सुतारांच्या हातात इतकी रुळली की कुठल्याही कंपनीच्या करवतीला तिथे तेच नाव पडलं. घरं बांधली गेली, फळ्या कापल्या गेल्या. ऊस मात्र राहिलाच! आमच्या वाळव्याकडे, कडेगावकडे थंडीत या. बीडकडून आलेली जोडपी अजून वाकून कोयत्यानेच तोडतात. हार्वेस्टर आलेत, पण ते ट्रॅक्टरपेक्षा मोठं धूड, हातातलं मशिन नव्हे. ज्या कामासाठी डोकं लढवलं ते काम सोडून मोटर दुसरीकडेच गेली, आणि मला वाटतं ती तिकडे गेली कारण तिकडे पैसे देणारा होता.

ही सगळी जुनी मशिनं धातूच्या बॉडीची. आत तारेचं आवरण फाटलं की वीज थेट बॉडीत, बॉडीतून हातात. उपाय म्हणजे तीन पिनची वायर आणि चांगलं अर्थिंग. आमच्याकडे ते नेमकं कच्चं. अण्णांच्या जुन्या गिऱ्हाइकांत तिसरी पिन कापून टाकणारे होते, कारण घरात दोन भोकांचाच सॉकेट! पुढे प्लॅस्टिकची बॉडी आणि दुहेरी इन्सुलेशन आलं. मशिनच्या नेमप्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसली तर ते दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला तिसरी पिन नसते आणि लागतही नाही. ही खूण बघायची सवय लावून घ्या, ड्रिल घेताना बाकी सगळी जाहिरात वाचली नाही तरी चालेल.

कारखान्यातलं ड्रिल घरात कसं शिरलं, तर युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये विजेच्या ड्रिलवर काम करणारे हजारो नवे हात आले, आणि ब्लॅक-डेकर यांच्या कंपनीच्या ध्यानात आलं की कामगार ड्रिल घरी घेऊन जाताहेत. आपल्याकडे अशा वेळी गेटवर झडती वाढली असती. ब्लॅक अँड डेकरने १९४६ मध्ये घरगुती ड्रिल काढलं, पाव इंची, १७ डॉलरच्या आत. कुठे २३० आणि कुठे हे. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट काउफमान याने शिलाई मशिनच्या सुईच्या जागी करवतीचं पातं लावून हातातली जिगसॉ काढली. पुढे १९५४ मध्ये जर्मनीतल्या 'फ्लेक्स'ने अँगल ग्राइंडर आणला. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त ठिणग्या, सगळ्यात जास्त धूळ आणि सगळ्यात जास्त जळकी आर्मेचर देणारं मशिन ते हेच.

भारतात अण्णांच्या पिढीचं ड्रिल म्हणजे 'राल्लीवुल्फ', मुंबईत मुलुंडला बनायचं. ॲल्युमिनियमची बॉडी, एका हाताने धरलं तर खांदा उतरेल असं. पण अण्णा त्याच्याविषयी बोलताना आवाज बदलतात. स्लॉट (तार बसवायच्या खाचा) मोठे, तार जाड, भरायला सुख. आणि अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूरच्या पुढे गेलं की शिरोळ. तिथे १९७६ मध्ये कुलकर्णी पॉवर टूल्स सुरू झाली, आपली 'केपीटी'. ऊस आणि भाजीपाल्याच्या तालुक्यात ग्राइंडर-ब्लोअर बनवायचा कारखाना. सांगली-मिरजेच्या वाइंडरांना त्या मशिनींचे पार्ट कधी मुंबईहून मागवावे लागले नाहीत, हे आमच्या धंद्याच्या दृष्टीने केवढं मोठं आहे ते बाहेरच्याला नाही कळणार.

बॅटरीवरच्या ड्रिलबद्दल एक गैरसमज सगळीकडे फिरतो, की ते नासाने चंद्रासाठी बनवलं. तसं नाही. ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियम बॅटरीचं ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आणलं होतं. नासाचं काम नंतरचं. चंद्रावर बॅटरीचं ड्रिल गेलं हे मात्र खरं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वेळी डेव्हिड स्कॉटने त्या ड्रिलने चंद्राच्या मातीत भोक पाडलं आणि आतली नळी बाहेर काढताना दोघा अंतराळवीरांचा घाम निघाला. बिट अडकली की काय होतं ते तिकडेही चुकलं नाही.

आता येणारी बॅटरीची मशिनं ब्रशलेस आहेत. त्यात ब्रश नाहीत, ब्रश ज्याच्यावर घासतात तो कम्युटेटर नाही, म्हणजे मी भरते ते आर्मेचरच नाही. बिघडतो तो सर्किट बोर्ड, आणि कंपनी तो आख्खा बदलून मागते. मी सोल्डरिंग शिकतेय, मायक्रोस्कोपही घेतलाय. अण्णा त्याला "डोळ्यांच्या डॉक्टरचं दुकान" म्हणतात.

पण ब्रशच्या मोटरीचं काम अजून दहा-पंधरा वर्षं तरी संपत नाही असा माझा अंदाज आहे, आणि तेवढ्यात मला एक वही पुरी करायची आहे. कुठल्या मशिनला किती स्लॉट, किती वेढे, कुठल्या गेजची तार, ही माहिती जुन्या वाइंडरांच्या डोक्यात आणि तेलकट वह्यांतच आहे. तेव्हा सांगली, सातारा, कोल्हापूरकडे कुणाच्या माळ्यावर धातूच्या बॉडीचं जुनं ड्रिल पडलं असेल तर भंगारात घालू नका. नेमप्लेटचा फोटो पाठवा, नाहीतर दुकानात घेऊन या. मी ते उघडून वेढे मोजेन, होण्यासारखं असलं तर चालू करून देईन, आणि मजुरी घेणार नाही. कार्बन ब्रशचे पैसे तेवढे द्या.